फुफ्फुसं सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट पूर्ण, धंदा फुंकून वाजवायच्या वाद्यांची दुरुस्ती, राहणार तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं दार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि पोटभर न्याहारी करून लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट आज मीच एका व्यक्तीवर दबाव आणणार आहे, तो कसा ते कलम सातमध्ये येईल. डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी काल तसा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. दाखल्यावर शिक्का मारताना त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र करताय आणि चेहरा सहलीला निघाल्यासारखा!" मी म्हटलं, "बाई, हे सहा वर्षांपूर्वीच करायचं होतं. तेव्हा पेन धरायला दम नव्हता. आता आहे, तर करून टाकते."

कालची गोष्ट आधी सांगते, नाहीतर माझा हात पुढे चालणार नाही. सहा वर्षांपूर्वी माझी दोन्ही फुफ्फुसं बदलली. तीस वर्षं लोकांच्या क्लॅरिनेट नि ट्रम्पेट फुंकून, त्यांच्या नळ्यांतली बुरशी आत ओढून, जुनी निकामी झाली होती. काल सहा वर्षांची तपासणी होती. त्यात सहा मिनिटं चालायचं असतं. दवाखान्याच्या लांब बोळात दोन खुणा केलेल्या असतात, त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आणि मागे नर्स घड्याळ घेऊन. फुफ्फुसं बदलण्याआधी मी एकशे साठ मीटर चालले होते, तेही ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत आणि मध्ये दोनदा भिंतीला टेकून. काल पाचशे बारा! पाचशे बारा मीटर! नर्सच धापा टाकत होती. म्हणाली, "मावशी, ही शर्यत नाहीये." मी म्हटलं, "मग घड्याळ कशाला आणलंस?"

डॉक्टरीणबाई हातचं राखून बोलत नाहीत. फुफ्फुसं बदललेल्यांपैकी साधारण निम्मे लोक सहा-सात वर्षं गाठतात, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मी आता उरलेल्या निम्म्यांत घुसायला निघाले आहे. तिथे किती चालायला मिळेल ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून हा कागद. यात रडगाणं शोधू नये.

कलम पहिलं. फुफ्फुसांबद्दल.

नोटरीच्या कारकुनाने सांगितलं की, मृत्युपत्रात फक्त स्वतःच्या मालकीची वस्तू लिहिता येते. म्हणून दोन्ही फुफ्फुसं या यादीतून वगळली आहेत. ती माझी नाहीत. कुणाची, ते मला ठाऊक नाही, सांगत नाहीत. एवढंच कळलं की माणूस तरुण होता आणि घरच्यांनी 'हो' म्हणायला एक अख्खी दुपार घेतली. त्या घरात ती दुपार कशी गेली असेल हे मनात आलं की मी हातातलं काम खाली ठेवते. मी त्यांना दवाखान्यामार्फत पत्र लिहिलं, बिननावाचं. उत्तर आलं नाही, आणि न येण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. फुफ्फुसं मी सांभाळायला घेतली आहेत आणि जमेल तशी सांभाळली, एकदा सोडून. त्या एकदाचं कलम आठमध्ये.

डोळे मात्र जन्मापासून माझेच आहेत, ते काढून द्यावेत. मला लांबचं दिसत नाही, पण त्याने काही अडत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

कलम दुसरं. दुकान.

खाली रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान, त्यातलं कामाचं टेबल, पोचे काढायचे पोलादी गोळे (सोळा मापं, नऊ नंबरचा हरवला आहे, शोधू नये), कॉर्कचे तुकडे, सरसाची भांडी आणि माझे सगळे चिमटे हवालदाराला द्यावेत. हा खरा हवालदार नव्हे. पोलिसांच्या बँडमध्ये सव्वीस वर्षं ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेला माझा जोडीदार, धंद्यातला.

मला दुसऱ्याचं वाद्य तोंडाला लावायची सक्त मनाई झाली तेव्हा सगळे म्हणाले, दुकान विका. फुंकून बघितल्याशिवाय वाद्य दुरुस्त कसं करणार? मी दुकानाच्या मधोमध काच लावून घेतली. वाद्य आणि हवालदार पलीकडे, मी अलीकडे. तो फुंकतो, मी काचेवर तळवा ठेवून ऐकते आणि ओरडते, "खालून तिसरं बटण! पॅड नीट बसत नाहीये!" पहिले सहा महिने तो म्हणायचा, "बाई, तुम्हाला काय कळतंय तिकडून!" मग उघडून बघायचा, आणि नवं पॅड शोधायला लागायचा. आता बघतही नाही, सरळ पॅड बदलतो. माणूस मानी आहे, पण कानाला मानतो.

अट एकच. दुकान झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावं. मी नसले तरी. सवय लागली आहे ती मोडू नये.

कलम तिसरं. फडताळातला सॅक्सोफोन.

हा माझ्या नवऱ्याचा. लेक सात वर्षांची असताना तो जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायला गेला. तीन महिन्यांचं काम होतं, अजून संपलेलं नाही. कधी आला तर सॅक्सोफोन त्याला द्यावा. तो वाजत नाही. मला अर्ध्या तासात वाजता करता आला असता, मुद्दाम केला नाही.

कलम चौथं. थोरल्या जाऊबाई.

त्यांना काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही, विचार करून लिहिलं आहे. मी दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात त्या अत्तर लावून तासभर बसल्या आणि जाताना दारात म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जिवावर जगायचं म्हणजे मनाला खात असेल, नाही?" खातं, जाऊबाई. पण पोळी-भाजीही मीच खाते, आणि दोन्ही पचतं.

कलम पाचवं. कबुतरवाले काका.

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. पंधरा वर्षं रोज सकाळी सज्जावर दाणे टाकत, आणि कबुतरं खाऊनपिऊन आमच्या खिडकीच्या कठड्यावर विश्रांतीला येत. नव्या फुफ्फुसांना कबुतरांची घाण म्हणजे विष. लेक वर गेली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"काका, एक तर तुमची कबुतरं, नाहीतर माझी आई. दोहोंतलं काय ते ठरवा."

"मला विचार करायला वेळ दे," काका म्हणाले.

तीन दिवस घेतले गृहस्थाने! मी अजून ते त्यांना ऐकवते. चौथ्या दिवशी दाण्यांचा डबा उचलला आणि तेव्हापासून, गुडघे कुरकुरत असताना, रोज नदीकाठापर्यंत चालत जाऊन तिथे दाणे टाकतात. परत आले की कपडे बदलल्याशिवाय आमच्या दारातही उभे राहत नाहीत. काकांसाठी माझी घडीची पट्ट्यांची खुर्ची लिहायची होती, नदीवर बसायला. पण कारकून म्हणाला की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि काका साक्षीदार आहेत. म्हणून खुर्ची आज सकाळीच देऊन टाकली. "मरायच्या आधीच देताय?" म्हणाले. म्हटलं, "तुमचा भरवसा नाही, तीन दिवस विचार कराल."

कलम सहावं. किरकोळ.

बँकेत जे असेल ते लेकीचं. किती, ते लिहीत नाही, तिला हसू येईल. उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत कराव्यात, कुणालाही देऊ नयेत, कितीही गरज सांगितली तरी. माझी स्वतःची क्लॅरिनेट, जी फक्त मीच वाजवते आणि जिची तोंडपट्टी मी रोज धुऊन पुसून ठेवते, ती हवालदाराच्या नातीला. ती बेसूर वाजवते, पण तिच्याजवळ श्वास फार आहे.

कलम सातवं. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेची खिडकी असं हे घर मी माझ्या एकुलत्या एका लेकीला देते, पण अटीवर.

लेक चौतीस वर्षांची आहे. मी तिला फौजदार म्हणते. घरात फौजदार, दुकानात हवालदार, आणि मधल्या मध्ये मी कैदी. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ ही गोळ्यांची वेळ ती माझ्याकडून डोळ्यांत तेल घालून पाळून घेते. भाजी माझ्या आधी ती हुंगते. पाहुणा शिंकला तर त्याला पाणी न विचारता जिना दाखवते. ही झाली तिची घरातली नोकरी. बाहेरची नोकरी पुलांची. ती अभियंता आहे. आजवर जुन्या पुलांच्या भेगा मोजत आली, दोरीला लटकून, हातोडीने ठोकत. आवाजावरून दगड आतून पोकळ आहे की भरीव ते ओळखते. कान माझ्यावर गेले आहेत.

मंगळवारी दुकानातल्या फोनवर तिच्या कचेरीतला माणूस बोलला. तिचा फोन लागत नव्हता म्हणून. म्हणाला, "बाईंनी खाडीवरच्या पुलाला नकार कळवलाय, पण साहेबांनी जागा सोमवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवलीय." मी विचारून विचारून सगळं काढून घेतलं. नवा पूल. पहिला खांब पाण्यात उतरवण्यापासून वरून गाडी जाईपर्यंत तिच्या हाताखाली. तीन वर्षं तिथेच राहायचं. इथून दोन दिवसांचा प्रवास. माझ्या पोरीला पूर्ण पूल मिळत होता, आणि ती घरी येऊन माझ्या गोळ्या मोजत बसली होती!

संध्याकाळी मी विचारलं, "पुलाचं काय झालं?"

"कुठल्या पुलाचं?"

"माझ्यामुळे नाकारलास त्या."

"तुझ्यामुळे नाही. मला समुद्राची हवा मानवत नाही."

"कधीपासून?"

तिने चमचा खाली ठेवला. "आई, मागच्या वेळी मी आठ दिवस गेले होते. आठच. काय झालं ते तुला माहीत आहे. आता तीन वर्षं? वेड लागलंय का मला?"

मी ताटं उचलून मोरीत नेली.

तर अट अशी. सोमवार संध्याकाळच्या आत लेकीने पुलाला होकार कळवला, तर घर तिचं, संपूर्ण, कुणाची हरकत चालणार नाही. न कळवला, तर घर कबुतरांना. यावर कारकुनाने पेन खाली ठेवून सांगितलं की, कबुतरांच्या नावावर घर होत नाही. मग दुरुस्ती केली: जखमी पक्ष्यांना सांभाळणाऱ्या संस्थेला, कबुतरांना अग्रहक्क देऊन. स्वयंपाकघरात घरटी केली तरी चालतील.

"तुझं कोण बघेल" याचं उत्तरही इथेच लिहिते. मी रोज सकाळी ज्या यंत्रात फुंकते ते नवं यंत्र, किती लिटर हवा फुंकली तो आकडा आपोआप दवाखान्यात आणि लेकीच्या फोनवर पाठवतं. फुंकताना समोर हवालदार बसेल. घराची एक किल्ली काकांकडे आहे. आकडा दहा टक्क्यांनी घसरला तर दोघं मला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेतील, असं दोघांनी शपथेवर कबूल केलं आहे. मला विचारणार नाहीत. मी काय म्हणते त्याला किंमत देऊ नये, असं मीच त्यांना सांगितलं आहे. का, ते पुढच्या कलमात.

कलम आठवं. जे कुणालाही द्यायचं नाही, पण सांगायचं आहे.

पाच वर्षांपूर्वी लेक आठ दिवसांसाठी एका डोंगरातल्या पुलावर गेली होती. माझ्या आजारपणानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी एका शाळेची जुनी क्लॅरिनेट दुकानात आली. कुठून तरी हवा गळत होती आणि जागा सापडत नव्हती. हवालदार त्या दिवशी दात काढायला गेला होता. मी काचेच्या पलीकडे गेले आणि वाद्य तोंडाला लावलं.

फक्त एक सूर, असं ठरवलं होतं. तो सूर मी एकतीस सेकंद धरला. आजारपणात पाच सेकंदही जमत नव्हते. इतका आनंद मला बाळंतपणानंतर झाला नव्हता, खोटं कशाला बोलू. मग मी पूर्ण गाणं वाजवलं. मग दुसरं. नळीत बुरशी होती हे मला माहीत होतं. तेव्हा तीस वर्षं याच धंद्यात होते, वासावरून कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रात फुंकलं तर आकडा खाली. दोन पूर्णांक चाळीसच्या जागी दोन पूर्णांक दहा. नियम असा की ताबडतोब फोन करायचा. तेवढ्यात लेकीचाच फोन आला. ती पुलाखाली लटकलेली होती, वाऱ्याने तिचे शब्द उडत होते, आणि ती हसत होती. माझं आजारपण सुरू झाल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, "आकडा?" मी म्हटलं, "दोन पूर्णांक एकेचाळीस."

चौथ्या दिवशी म्हटलं, दोन पूर्णांक अडतीस. रोज तोच आकडा सांगितला तर संशय येईल, म्हणून इकडेतिकडे केला. पाचव्या दिवशी एकोणचाळीस. खरा आकडा तेव्हा एक पूर्णांक सत्तर होता. मी वहीतही खोटेच लिहिले. त्या जुन्या यंत्रात आकडे साठत नसत. थोडं तिचं हसू जपायला, आणि थोडं तिचं बोलणं चुकवायला. दोन्ही खरं आहे. सहाव्या दिवशी हवालदाराला मी दुकानाच्या पायरीवर बसलेली दिसले, ओठ निळे पडलेले. तेवीस दिवस दवाखान्यात होते. त्यांतले सहा मला आठवत नाहीत.

छातीत बुरशी गेली, हे सगळ्यांना कळलं. डॉक्टरांना वाटलं, दुकानाच्या हवेतून गेली असेल. वहीतले आकडे बघून लेकीला वाटलं, यंत्रच बिघडलं. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ती यंत्राच्या कंपनीशी इतकी भांडली की त्यांनी माफी मागून हे नवं यंत्र फुकट दिलं. कंपनीची काही चूक नव्हती. त्यांची मी इथे क्षमा मागते.

पण लेकीने दुसरी एक गोष्ट मनाला लावून घेतली, ती मला उशिरा कळली. हवालदाराजवळ ती म्हणाली होती, "आकडे खोटे होते, पण आवाज तर खरा होता ना? मी पुलाचा दगड आवाजावरून ओळखते, आणि माझ्या आईचा दम लागलेला मला फोनवर ऐकू आला नाही." तेव्हापासून ती आठ दिवसही कुठे गेलेली नाही.

पोरी, तुझ्या कानांत काही कमी नव्हतं. तुझा फोन यायच्या वेळेआधी दहा मिनिटं स्वस्थ बसून श्वास जमवत होते आणि वाक्यं लहान लहान बोलत होते. मी वाजवणारी बाई आहे. श्वास कुठे चोरायचा ते मला येतं. तू फसली नाहीस, मी तुला फसवलं.

हे मृत्युपत्रात लिहून, मी गेल्यावर तू वाचावंस, असा माझा बेत होता. लिहून झाल्यावर लाज वाटली. मेल्यावर कबूल करायला कसलं धाडस लागतं? आणि तोपर्यंत पूल दुसऱ्याच कुणीतरी बांधलेला असेल. म्हणून सही करण्याआधी, आज दुपारी बारा वाजता, मी हे सगळं तिला साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवणार आहे. कारकून येऊन बसला आहे. काका कपडे बदलून आले आहेत.

पुरवणी. वेळ, दुपारी पाऊण.

वाचून झालं. सहाव्या कलमापर्यंत लेक दाराला टेकून हसत होती. कबुतरांवर म्हणाली, "आई, हे बेकायदेशीर आहे." कारकून म्हणाला, "नाही बाई, मी तपासलंय." मग आठवं कलम आलं. ती खाली बसली.

"दोन पूर्णांक अडतीस," ती म्हणाली. "त्या दिवशी तू मध्येच थांबली होतीस. मला वाटलं, फोन कट झाला. मी पाच वर्षं तेवढी एक जागा आठवते आहे, आई. रोज. तिथे विचारायला हवं होतं, इतकंच मनात."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

मग ती उठली आणि ओरडली. आजारपण सुरू झाल्यापासून ही मुलगी माझ्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलत आली आहे. आज भांडी वाजतील इतकी ओरडली. "कंपनीच्या त्या माणसाला मी रडवलं होतं! त्याची बिचाऱ्याची काय चूक! आणि तू समोर बसून सफरचंद खात होतीस!" काका खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिले. कारकुनाने टोपी हातात घेतली. सगळं खरं होतं, सफरचंदसुद्धा.

शेवटी ती म्हणाली, "मला तुझं तोंड बघायचं नाही. तीन वर्षं तरी नाही."

फोन उचलून ती बाहेर जिन्यावर गेली आणि दार ओढून घेतलं. आम्ही तिघं आत दाराला कान लावून. मग ऐकू आलं, "साहेब, मीच बोलतेय. नाही, सोमवारपर्यंत कशाला. येते मी. हो, पूर्ण तीन वर्षं."

कारकुनाने हळूच विचारलं, "कलम सातची अट पुरी झाली असं नोंदवहीत लिहू का?" मी म्हटलं, लिहा. ठळक लिहा.

फोन कधीचा संपला आहे, पण ती अजून आत आलेली नाही. पायरीवर बसली असावी. मी सही करते आणि तिच्याशेजारी जाऊन बसते. 'ऊठ' म्हणाली तर उठेन. ती तसं म्हणेल असं वाटत नाही.

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहतं घर, तिसरा मजला
तारीख: चौदा, शनिवार, भर दुपारी

साक्षीदार पहिला: वरच्या मजल्यावरचे काका (सही)
साक्षीदार दुसरा: नोटरीचा कारकून (सही)

आम्ही दोघांनी ही सही आमच्या डोळ्यांदेखत झालेली पाहिली. सही करतेवेळी बाई पूर्ण शुद्धीत होत्या, रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही स्वखुशीने.